निशाणाच्या पुढं

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आगेमागे माझ्या फोनवर एकाच आठवड्यात दोन व्हिडिओ आले. एक नणंदेच्या मुलीनं मिनेसोटाहून धाडलेला, दुसरा माझ्या भाच्यानं, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलानं, शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावाहून. दोन्हींत जनावरं गाडी ओढत पळत होती. एकात कुत्री, दुसऱ्यात बैल. मी दोन्ही पाहिले, दोन्हींना अंगठा दाखवला आणि कणीक मळायला उठले. (अंगठा दाखवणं म्हणजे आपल्याकडे वाटेला लावणं. फोनवर मात्र ती शाबासकी. ह्या उलट्या अर्थाची मला अजून सवय झालेली नाही.)

गोष्ट तेवढ्यावर राहिली असती तर लिहायला बसलेच नसते. पण भाच्याच्या व्हिडिओत माझा स्वतःचा हात होता, आणि तो कसा होता हे मला तिसऱ्यांदा पाहिल्यावर कळलं. ते ओघानं सांगते.

आधी कुत्र्यांचं, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणींना ही भानगड नवी असेल. बर्फाळ मुलखात कुत्री घसरगाडी ओढतात हे आपण चित्रांत पाहिलेलं असतं. अलास्कात नोम नावाच्या गावी १९२५ साली घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्यानं औषध पोचवलं. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो नावाच्या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात आहे. आता बर्फ नसतो त्या महिन्यांत ह्या कुत्र्यांनी बसून काय करायचं? तर त्यांना चाकांच्या गाडीला जुंपतात, नाहीतर सायकलला, नाहीतर पायानं रेटायच्या मोठ्या स्कूटरला, आणि रानातल्या मातीच्या वाटेवरून पळवतात. सुरुवात सराव म्हणून झाली, आता त्याच्याही वेगळ्या शर्यती होतात. कुत्र्याला ऊन लवकर बाधतं, म्हणून पळायचं ते गार हवेत, पहाटे पहाटे.

भाचीच्या शेजारणीची अशी चार कुत्री आहेत. तिनं डोक्यावरच्या हेल्मेटला कॅमेरा लावला होता. व्हिडिओ बारा मिनिटांचा. गाणं नाही, अक्षरं नाहीत. दिसतं काय, तर चार पाठी, आठ कान, मधली दोरी आणि समोरून अंगावर येणारी वाट. ऐकू येतं ते कुत्र्यांचं धापणं, चाकांखालचा पाचोळा आणि त्या बाईचं बोलणं. ती सारखी बोलते. डावीकडं वळायला एक शब्द, उजवीकडं वळायला दुसरा, आणि मध्ये मध्ये आपण वासराशी बोलतो तसलं बिनअर्थाचं. एका वळणावर गाडी कलंडते. कॅमेरा कलंडतो. आभाळ दिसतं, मग गवत, मग एका कुत्र्याचं नाक अगदी काचेला टेकलेलं. बाई हसते, उठते, दोरी नीट करते, पुढं जाते. हा तुकडा तिनं कापलेला नाही.

मी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. केलं. तिथं एक सर कुठलीही कथा वाचून झाली की विचारायचे, सांगणारा उभा कुठं आहे ते सांगा. पात्रांच्या मनात आहे, खिडकीतून बघतोय, की गावच्या पारावर बसून ऐकीव सांगतोय? पस्तीस वर्षं झाली, पण सवय गेली नाही. सिनेमा बघताना मी कॅमेऱ्याबद्दल तेच विचारते. ह्या कुत्र्यांच्या व्हिडिओत कॅमेरा दोरीला बांधलेला आहे. जनावराचं जे होईल ते त्याचंही होणार. म्हणून तो पडला तरी मला तो खरा वाटला. ह्याचा अर्थ तिथं सगळं गोड आहे असा नाही. पळून आल्यावर त्या कुत्र्यांना साखळीला बांधतात का, म्हातारी झाल्यावर त्यांचं काय करतात, हे बारा मिनिटांत नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता माझ्या भाच्याचा व्हिडिओ. पन्नास सेकंदांचा. पहिले पंधरा सेकंद शर्यत नाहीच. खिलार बैल, पांढराशुभ्र, शिंगं मागं वळून टोकाला जवळ आलेली, गुलालातून संथ चालत येतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, त्यामुळं बैल देवळाच्या कळसाएवढा वाटतो. मग सोनेरी अक्षरांत बैलाचं नाव, खाली मालकाचं, त्याखाली गावाचं. मग ड्रोन. आभाळातून मैदान दिसतं, पांढऱ्या रेघांनी आखलेल्या पट्ट्या, दोन्ही कडांना माणसांची काळी झालर. झेंडा पडतो, गाड्या सुटतात, धुळीच्या लांब शेपट्या मागं राहतात. शेवटच्या काही सेकंदांत पुन्हा खाली, निशाणाजवळ, आणि हालचाल एकदम मंद. बैलांचे खूर जमिनीवरून उठलेले, तोंडाचा फेस वाऱ्यावर, छकड्यावर ओणवा झालेला गाडीवान. निशाण ओलांडलं की संपलं. काळा पडदा, भाच्याचा फोन नंबर.

चांगला आहे व्हिडिओ. हे मी आत्ती म्हणून म्हणत नाही. आमच्या पोराला उजेड कळतो. दुपारी बाराच्या टळटळीत उन्हात चित्रीकरण सपाट होतं म्हणून तो उन्हं कलण्याची वाट बघतो. बैलाच्या अंगावरची शिरन् शिर दिसावी म्हणून सूर्य एका बाजूला ठेवतो. शिकवलं कुणी? कुणी नाही. बारावीनंतर शेतीत मन लागेना, कर्ज काढून ड्रोन घेतला, आणि आता हंगामात गाडीमालक त्याला बोलावून नेतात. 'बकासुर', 'मथुर' ही बैलांची नावं आज आपल्या घरातल्या पोरांना नटांच्या नावांसारखी तोंडपाठ आहेत, ती ह्याच असल्या व्हिडिओंमुळं. मैदानात एकावेळी काही हजार माणसं उभी राहतील. बैलाचं नाव घरोघर गेलं ते फोनवरून.

आणि हे सगळं फार जुनं नाही बरं का. बैलांचे खेळ करायचे नाहीत असं केंद्र सरकारनं २०११ साली ठरवलं, ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर आपल्या बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायदा दुरुस्त केला, तरी मैदानं सुरू व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला. १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे ग्राह्य धरले. म्हणजे मधली दहा वर्षं गोठ्यातला बैल उभा होता, आणि त्याच दहा वर्षांत माणसाच्या खिशात कॅमेरा आला. आधीची शर्यत पाराच्या गप्पांत जगायची. गप्पांत बैल दरवर्षी चार पावलं जास्त पळायचा, ते सोडा. परत आलेली शर्यत मात्र पहिल्या दिवसापासून पडद्यावरच आली.

न्यायालयात जे पुरावे गेले त्यांत अहवाल होते, छायाचित्रं होती. पिरगळलेल्या शेपट्या, टोचण्या, मारहाण. कॅमेऱ्यानंच शर्यत बंद करायला हातभार लावला आणि कॅमेऱ्यानंच ती पुढं घरोघर नेली.

माझा हात कसा, ते आता सांगते. भाच्यानं फोन केला, "आत्ती, तू लिवतीस. चार ओळी दे की, मागनं आवाजात टाकतो. गाण्यांचा कंटाळा आलाय लोकास्नी." मला कोण आनंद! चौतीस वर्षं नल्लकुंट्यात राहून माहेरच्या मातीवर लिहायचं आमंत्रण. बाबांची 'हरण्या' आणि 'पाखऱ्या' ही जोडी आठवली. कर्नाटकी बेंदराला त्यांची शिंगं रंगवायचो, कर तोडायला ती वेशीकडं निघाली की मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहायचे. डोळे भरून आले आणि चार ओळी लिहून दिल्या. शेवटच्या दोन अशा होत्या: "ह्यांना हाकावं लागत नाही. वाट दिसली की हे आपणहून सुटतात." गावातल्या एका निवेदकानं त्या खर्जात म्हटल्या. माझ्या दोन मैत्रिणींनी फोन करून सांगितलं, अंगावर काटा आला गं. मलाही आला होता.

तिसऱ्यांदा पाहिला तो सासूबाईंच्या मोठ्या टॅबवर. फोनवर बैल माझ्या बोटाएवढे दिसत होते, इथं वहीएवढे दिसले. ती मंद हालचाल आली, "ह्यांना हाकावं लागत नाही" हे शब्द आले, आणि नेमक्या त्या शब्दांवर मला गाडीवानाचा डावा हात दिसला. बैलाची शेपटी त्याच्या मुठीत होती आणि मनगट वळलेलं होतं. कपडा पिळताना वळतं ना, तसं.

पुढं मागं करून पाहिलं. भास नव्हता.

ह्या मंद हालचालीचा एक जुना किस्सा आहे, तो इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅलिफोर्नियात लेलँड स्टॅनफर्ड नावाचे धनाढ्य गृहस्थ होते, पुढं ज्यांच्या पैशातून स्टॅनफर्ड विद्यापीठ झालं ते. घोडा धावताना त्याचे चारी पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हे त्यांना पक्कं हवं होतं. त्यांनी मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराला कामाला लावलं. १८७८ च्या जूनमध्ये पालो आल्टोला त्यानं ओळीनं बारा कॅमेरे मांडले. सगळे सांगतात ती 'सॅली गार्डनर' ह्या घोडीची गोष्ट. पण तिच्या चार दिवस आधी ज्याची छायाचित्रं घेतली तो 'एब एजिंग्टन' घोडा दोन चाकांच्या हलक्या गाडीला जुंपलेला होता. गाडीचं चाक जमिनीवरच्या तारांवरून गेलं की एकेक कॅमेरा आपोआप उघडे. म्हणजे सिनेमाच्या मुळाशी जाऊन पाहिलं तर तिथंही गाडी ओढत पळणारं जनावरच आहे. चारी पाय सुटतात हे सिद्ध झालं, आणि तोवर चित्रकारांनी काढलेले पुढचे पाय पुढं, मागचे मागं असे ताणून उडणारे घोडे खोटे ठरले.

कॅमेऱ्याचा हा गुण कुणाच्या ताब्यात राहत नाही. आमच्या पोरानं हालचाल मंद केली ती बैलाचं वैभव दाखवायला. कॅमेऱ्यानं वैभवाबरोबर शेपटीवरचा हातही दाखवला. भरधाव वेगात तो कुणाला दिसला नसता, मैदानातल्या पंचांनाही दिसला नसेल. आणि ज्यांनी पाहिलं त्यांच्या कानात त्या क्षणी माझं वाक्य होतं. डोळ्यांना दिसत होतं ते माझ्या शब्दांनी झाकलं. समीक्षेच्या भाषेत बोलायचं तर निवेदन आणि दृश्य ह्यांत विसंगती. घरच्या भाषेत, मी खोटं बोलले. माहीत नसताना बोलले, पण पाहिल्याशिवाय बोलले.

शर्यतीचे नियम मी नंतर मुद्दाम वाचले. अंतर एक हजार मीटरच्या आत. काठी, चाबूक, विजेचा झटका देणारं काही चालणार नाही. बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. आणि एक अट मला फार मोलाची वाटली, शर्यतीचं चित्रीकरण करून ते प्रशासनाला सादर करायचं. म्हणजे प्रत्येक मैदानाचे दोन सिनेमे निघतात बघा. एक भाच्याचा, पन्नास सेकंदांचा, सोनेरी अक्षरांचा. दुसरा दिवसभराचा, गाण्याविना, अक्षरांविना, जो एखाद्या कचेरीत जातो. पहिला सगळे बघतात. दुसरा कुणी बसून बघत असेल का? समीक्षक म्हणून विचाराल तर मला दुसरा बघायची फार इच्छा आहे. रटाळ असेल, पण गाडी कलंडल्यावर त्यात आभाळ दिसत असेल.

थिएटरातल्या सिनेमाला निदान एक चाळणी आहे. हॉलिवूडमध्ये १९३९ च्या 'जेसी जेम्स' ह्या चित्रपटासाठी एका घोड्याला कड्यावरून पाण्यात लोटलं आणि तो मेला. त्यावर ओरड झाली, तेव्हा चित्रीकरणावर प्राणिमित्र संस्थेची देखरेख आली. आपल्याकडे सिनेमात जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, पडद्यावर तशी पाटी येते. हे मंडळ १९६२ साली स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्ष रुक्मिणीदेवी अरुंडेल, नृत्यांगना. राज्यसभेत विधेयक मांडून, पाठपुरावा करून १९६० चा प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारा कायदा होण्यामागं ह्या बाईंची खटपट होती. तिला आपण भरतनाट्यमसाठी ओळखतो, ह्यासाठी कमी. तर सांगायचं हे, की फोनवरच्या पन्नास सेकंदांना असली चाळणी नाही. तिथं परवानगी देणारे आपणच, तो अंगठा दाबून.

सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. वय एक्क्याऐंशी, ऐकू कमी येतं, त्यामुळं माझ्या ओळींचा त्यांच्यावर काही परिणाम नाही. निशाण ओलांडलं, पडदा काळा झाला. त्या म्हणाल्या, "पुढं?"

"संपलं."

"संपलं कसं? थांबले कुठं ते? पाणी पाजलं का कुणी?"

मी मराठीची विद्यार्थिनी, चार परिसंवादांत बोललेली बाई, मला हे सुचलं नव्हतं. बैलांचे असले किमान दोनशे व्हिडिओ मी पाहिले असतील. निशाणाच्या पुढचा एकही नाही. भरधाव जोडी जागच्या जागी थांबत नाही. पुढं गर्दी असते, बांध असतो, कुणीतरी कासऱ्याला लोंबकळतं. बैल धापत असतो. हे सगळं पडदा काळा झाल्यावर होतं. बंध, वध, छेद, अतिभार, अन्नपाण्याची आडकाठी, हे अहिंसेच्या व्रताचे पाच अतिचार पाठशाळेत आपण सगळ्यांनीच घोकले. लहानपणी मला वाटायचं, ही काय जनावरांच्या डॉक्टरांची यादी आहे का. आता वाटतं, गोठा असलेल्या माणसासाठीच ती केलेली आहे. आमचे दक्षिण महाराष्ट्रातले जैन पिढ्यान् पिढ्या नांगर धरणारे. त्यांना बैल सोडता येत नव्हता, म्हणून तो वागवायचा कसा हे तरी नीट पाळत. कृत, कारित आणि अनुमोदित ही तीनही तिथंच शिकवली. स्वतः केलं, करवून घेतलं, दुसऱ्यानं केलेल्याला 'छान' म्हटलं. शेपटी मी पिळली नाही, पिळायला सांगितलीही नाही. तिसऱ्या खान्यात मात्र मी चार ओळींसकट उभी आहे.

पंधरा दिवसांनी दिवाळी झाली आणि आमच्या इथं सदर आला. हैदराबादेत नसलेल्यांसाठी सांगते. यादव मंडळी दिवाळी सरताच आपले रेडे सजवून मिरवतात, नारायणगुड्याचा सदर सगळ्यांत मोठा. नल्लकुंट्याहून चालत जाता येतं. हरियाणातून आणलेले मुऱ्हा जातीचे रेडे, अंगाला तेल चोपडून काळ्या पाषाणासारखे केलेले, गळ्यात हार, पायात घुंगरं. वाद्यांचा दणदणाट. मालक इशारा करतो तसा रेडा पुढचे दोन पाय उचलून उभा राहतो आणि लोक वेडे होतात. मी दरवर्षी जाते. सूनबाई पहिल्यांदाच आली होती. रेडा उभा राहिला, आणि माझ्या आजूबाजूचे शे-दोनशे हात फोनसकट वर गेले. माझाही गेला. घरी येऊन पाहिलं तर माझ्या चित्रीकरणात अर्धा पडदा दुसऱ्यांच्या फोनांनी भरलेला. त्या प्रत्येक फोनमध्ये एक छोटा रेडा. खरा रेडा मी किती पाहिला, आठवून बघितलं, तर त्याचे डोळे कसे होते ते मला सांगता येईना. फटाक्यांच्या आवाजानं तो बिचकत होता का? सूनबाई म्हणाली, "हो, सारखा मान झाडत होता." तिच्या फोनची बॅटरी संपली होती, म्हणून तिनं बघितलं.

भाच्याला फोन करायला मी महिना लावला. पोटचं नसलं तरी पोर आपलं, त्याच्या पोटावर पाय येईल असं बोलायचं कसं? शेवटी सांगितलं, शेपटीचं. तो आधी गप्प. मग म्हणाला, "मला दिसलंवतं, आत्ती."

"मग?"

"मग काय? तोच शॉट भारी होता."

हे प्रामाणिक उत्तर आहे, आणि सिनेमा काढणाऱ्या कुठल्याही मोठ्या माणसानं ते दिलं असतं. चित्र चांगलं आलं की चित्रातलं दुखणं मागं पडतं. मी रागावले नाही. पुढं तो जे बोलला त्यानं तर मीच अडखळले. "शर्यतीचा बैल दूध पितोय, बदाम खातोय. मालक त्याला पोरासारखा बघतोय. कारखान्याला ऊस वढणारा बैल बघितलास? दोन-दोन टनाची गाडी, पाच महिनं, तोंडाला फेस रोजच. त्याचा व्हिडिओ कोण काढतंय? तू तरी कधी त्याच्यावर लिवलंस?"

नाही लिहिलं. साखर रोज घालते चहात.

ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही, आणि म्हणून शेपटी पिळणं बरोबर ठरत नाही, एवढंच मी म्हणू शकले. न्यायालयात २०१४ ला एक मुद्दा होता, बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, तो ओझं ओढणारा प्राणी आहे. मला पशुशास्त्र कळत नाही. पण बाबांचा 'पाखऱ्या' रिकाम्या गाडीला जुंपला की मळ्यातून घराकडं आपणहून सुसाट सुटायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या ओळी तिथून आल्या होत्या. त्या 'पाखऱ्या'च्या बाबतीत खऱ्या होत्या. पडद्यावरच्या ह्या बैलाच्या बाबतीत नव्हत्या. चूक झाली ती ही. एका जनावराचा अनुभव दुसऱ्याच्या पाठीवर टाकला, आणि तोही न बघता.

मी म्हटलं, व्हिडिओ काढून टाक. तो म्हणाला, मालकानं पैसे दिलेत, काढता येत नाही. मी म्हटलं, मग माझ्या ओळी काढ. त्या त्यानं त्याच रात्री काढल्या आणि जागी एक गाणं टाकलं. बघणाऱ्यांच्या आकड्यात काडीचा फरक पडला नाही. लिहिणाऱ्या बाईला हेही एकदा कळलेलं बरं.

मग सासूबाईंचा प्रश्न त्याला सांगितला. तो हसला. "आजीला सांग, लगीच पाणी पाजत न्हाईत. आधी दम जिरू द्यायचा, फिरवायचा, अंग पुसायचं, मग पाणी. अर्धा तास जातोय. तोवर ड्रोन गुंडाळून आमी दुसऱ्या मैदानाला गेलेलो असतोय."

"एकदा थांब," मी म्हटलं. "एकदा त्या अर्ध्या तासाचा काढ. गाणं नको, नाव नको."

"कोण बघणार, आत्ती?"

"मी बघीन. आजी बघतील."

संक्रांतीनंतर त्यानं पाठवला. चौदा मिनिटांचा, कुठंही न कापलेला, बाकी कुणालाही न दाखवलेला. मोकळं शेत, संध्याकाळचा पिवळा उजेड, एका बाभळीला बांधलेले दोन बैल. बरगड्या वरखाली होताहेत. त्यांचा श्वास ऐकू येतो, पहिल्यांदाच. एक म्हातारा पोत्याच्या तुकड्यानं त्यांची पाठ पुसतो, मानेखाली पुसतो, एका पायाशी बसून खूर उचलून बघतो. बराच वेळ काही होत नाही. कॅमेऱ्याबाहेरून कुणीतरी म्हणतं, "बंद कर की आता." भाच्यानं बंद केलेला नाही.

नवव्या मिनिटाला बादली येते. मी सासूबाईंना चष्मा आणून दिला. डावीकडचा आधी प्यायला, कान हलवत. उजवीकडच्यानं तोंड बुडवलं आणि लगेच वर काढलं.

"पाणी गार असंल," सासूबाई म्हणाल्या.